रूपसिंग, सोमेश्वर आणि खिल्लारे सरांची गाडी

ज्याच्या नाकावर आपण भर यात्रेत गुद्दा मारला, त्याचे जाहीर आभार मानण्याची रीत आपल्याकडे नाही. ती असायला हवी होती. नसल्यामुळे मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतंय.

मी विश्वंभर कावरखे. मराठी शिकवतो. माझ्या भिंतीला भिंत लागून धम्मानंद खिल्लारे सर राहतात, ते गणित शिकवतात. आमची शाळा एकच, हिंगोलीकडच्या गोरेगावपासून आत आडरस्त्याला; आणि आमची गाडीही एकच, म्हणजे त्यांची. मी मागं बसतो. मला मोटारसायकल येत नाही असं लोक म्हणतात, ते खरं नाही. मला चालवता येते, फक्त थांबवता येत नाही. शिकलो त्या दिवशी मी ती एका गोठ्यात, एका म्हशीच्या मदतीनं थांबवली. म्हशीनं काही तक्रार केली नाही, पण तिचा मालक जे बोलला ते ऐकून मी तो नाद कायमचा सोडला. तेव्हापासून रोज सकाळी खिल्लारे सर फाटकापाशी दोनदा हॉर्न वाजवतात आणि मी डबा घेऊन बाहेर पडतो. रस्त्यात मी जे बोलतो ते हेल्मेटमुळे त्यांना ऐकू जात नाही आणि ते जे बोलतात ते वाऱ्यामुळे मला ऐकू येत नाही. त्यामुळे आमचे कधी मतभेद झाले नव्हते.

मतभेद झाले ते गाडी उभी असताना. मुंजाजीच्या हॉटेलात.

मुंजाजीचं हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक भट्टी आणि भरपूर वेळ असलेली माणसं. देशापुढचा कुठलाही प्रश्न तिथं सकाळच्या चहाला सुटतो, आणि दुसऱ्या दिवशी उलट्या बाजूनं सुटतो. त्या दिवसांत प्रश्न होता: रूपसिंग की सोमेश्वर?

आमच्या जिल्ह्यात बॉक्सिंगचे हे दोन चॅम्पियन. रूपसिंग वारंगा फाट्याचा. तिथं ट्रकवर पोती चढवून चढवून त्याचे खांदे असे झालेत की तो दारातून तिरका आत येतो. सोमेश्वर सिद्धेश्वर गावचा, तिथल्या धरणावर मासे धरणाऱ्या घरातला. जाळं ओढून त्याचे हात लांब झालेत. दोघांचं वजन एकच, वय जवळपास एकच, आणि दोघं कधी समोरासमोर आलेच नव्हते. एका साली रूपसिंग जिल्ह्यात पहिला आला तेव्हा सोमेश्वरला कावीळ. पुढच्या साली सोमेश्वर पहिला आला तेव्हा रूपसिंगचा अंगठा मोडलेला. देवानं जणू मुंजाजीचं हॉटेल चालावं म्हणूनच ही सोय केली होती.

मी रूपसिंगचा. कारण काय ते मला सांगता येणार नाही; मी त्याला एकदा फाट्यावर पाहिलं होतं आणि मला तो आवडला होता. खिल्लारे सर सोमेश्वरचे. त्यांच्याकडे कारणं होती, आणि तीच मला सहन होत नव्हती.

"हाताची लांबी बघा सर," ते म्हणाले. "रूपसिंगचा हात पोचायच्या आत सोमेश्वरचा पोचतो. साधं गणित हाय."

"माणूस गणितानं जिंकत न्हाई, काळजानं जिंकतो," मी म्हणालो. बाकड्यांवरून दाद आली. दाद ही वाईट गोष्ट आहे, ती मिळाली की माणूस थांबत नाही. मी पुढं म्हणालो, "ज्यांनी जन्मात कुणावर हात उचलला न्हाई, त्यांनी काहून बोलावं यावर?"

सर हसत होते. हसत हसतच ते म्हणाले, "आन् ज्यांना गाडी सुदिक म्हशीवर थांबवावी लागती, त्यांनी?"

हॉटेल हसून फुटलं. मुंजाजीच्या हातातली किटली हिंदकळून चहा भट्टीत सांडला. आता ही म्हशीची गोष्ट गावाला माहीत होती, पण खिल्लारे सरांनी ती आजवर एकदाही काढली नव्हती. सगळ्या गावात तेवढा एकच माणूस होता. मी उठलो.

"मागं बसवता म्हणून मालक झाला न्हाईत तुमी," मी म्हणालो. "आजपासून तुमच्या गाडीला पाय लावणार न्हाई. आन् ही झुंज मी याच गावात, यात्रेत लावून दाखवतो! मग कळंल कोणाला काय कळतंय ते."

सरांचं हसू गेलं. चहा अर्धा ठेवून ते गाडीला किक मारून निघून गेले, आणि मी शाळेत पोचलो तेव्हा प्रार्थना होऊन गेली होती.

दुसऱ्या दिवशी हॉर्न वाजला नाही. नेहमीच्या वेळेला मी डबा घेऊन दारात उभा होतो, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मग जीप धरली. आमच्याकडच्या जीपमध्ये जागा नाही असं कधी होत नाही. आपल्याला जागा लागते ही कल्पनाच तिथं सोडून द्यावी लागते. ड्रायव्हर म्हणाला, "सर, दार लागत न्हाई, तेवढं धरून बसा." मी एका हातानं दार, एका हातानं डबा आणि मांडीवर कुणाची तरी कोंबडी धरून चाललो होतो, तेवढ्यात खिल्लारे सर बाजूनं पुढं गेले. त्यांनी बघितलं नाही. मागची सीट रिकामी होती. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी तिच्याकडे बघत राहिलो. फार वाईट वाटलं.

घरी मंजुषानं, म्हणजे माझ्या बायकोनं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दोन परक्या लेकरांनी एकमेकाला मारायचं, यावरून तुमी दोघं बोलणं सोडलं? त्या लेकरांना तरी म्हाईत हाय का?"

त्यांना सांगायला मी रविवारी निघालो. आधी वारंगा फाटा. रूपसिंग एका ढाब्यामागं पोत्यांच्या थप्पीवर बसून केळी खात होता. मी आवेशानं सगळं सांगितलं. तो लाजला.

"येतो की सर," तो म्हणाला. "पर सोमेश्वर येऊन राहिला का? त्याची कावीळ पुरी बरी झाली ना? तेलकट खायचं न्हाई म्हणावं त्याला."

मग बस बदलत बदलत सिद्धेश्वर. सोमेश्वर धरणाच्या पाळीवर जाळं सुकवत होता. "येतो सर," तोही म्हणाला. "रूपसिंगचा अंगठा वाकतो का आता बराबर? त्यानं घाई केली असंल. लई घाईचं पोरगं हाय ते."

दोन वैऱ्यांनी एकमेकांच्या तब्येतीची अशी चौकशी करावी हे मला मुळीच पटलं नाही. झुंजीला थोडा तरी द्वेष लागतो. तो द्वेष मला वाटतं तेव्हा जिल्ह्यात फक्त मी आणि खिल्लारे सर पुरवत होतो.

चॅम्पियन तयार झाले, पण सरकार तयार होईना. ठाण्यात जमादारांनी माझा अर्ज दोनदा वाचला. "मारामारीची परवानगी?" ते म्हणाले. "सर, इथं लोक मारामारी झाल्यावर येतात. आधी विचारायला आलेले तुमीच पयले." त्यांनी ग्रामपंचायतीचा ठराव मागितला. ग्रामपंचायतीनं आरोग्य केंद्राचा दाखला मागितला, कारण उद्या कुणाचा दात पडला तर तो कुणाच्या खात्यात धरायचा? आणि डॉक्टर म्हणाले, ज्या मारामारीला पोलिसांची परवानगी नाही तिला मी दाखला देऊ कसा? असा मी त्या तीन दारांमधून फिरत राहिलो. शेवटी जमादारांना माझी दया आली आणि त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. परवानगी नाही दिली.

गावानं सल्ले मात्र मनापासून दिले. शेजारच्या जनकाबाई म्हणाल्या, दोन्ही लेकरांची आधी मीठ-मिरचीनं दृष्ट काढा. मंडपवाला म्हणाला, बॉक्सिंग गोल जागेत घ्या, कोपऱ्यात माणूस अडकतो. मुंजाजी म्हणाला, हॉटेल रिंगणाच्या आत आणू का? आणि अडलेली गाडी शेवटी सोडवली ती दगडोबा वस्तादांनी. दगडोबा सत्तरीचे, गुलाबी फेटा, कान मोडलेले. यात्रेतला कुस्त्यांचा फड त्यांच्या हातात.

"मास्तर, काहून पायपीट करून राहिले?" ते म्हणाले. "कुस्त्यांची परवानगी हरसाल असतीच. त्यातच घाला तुमची ती बुक्क्यांची कुस्ती. पर एक ध्यानात ठिवा, फड माझा. फडात फडाचीच रीत चालल."

मी आनंदानं हो म्हणालो. त्या रीती काय काय आहेत ते विचारायचं राहून गेलं.

मग रिंग. चार बल्ल्या पुरल्या, दोराच्या जागी बैलांचे कासरे जोडून बांधले. ते लाल-निळ्या गोंड्यांचे असल्यामुळे रिंग पोळ्याच्या बैलासारखी दिसायला लागली. ग्लोव्हज हिंगोलीच्या एका क्रीडाशिक्षकांकडून मागून आणले; दोनच जोड मिळाले. खाली मऊ पाहिजे म्हणून गावातून गाद्या गोळा केल्या. ज्यानं गादी दिली तो आपल्या गादीजवळच बसायला जागा मागू लागला, तिच्यावर कुणी रक्त सांडू नये म्हणून. एक गादी कमी पडत होती. संध्याकाळी कंपाउंडच्या भिंतीवरून निळ्या पट्ट्यांची एक गादी मंजुषाच्या हातात आली. पलीकडे निर्मलाबाई होत्या, खिल्लारे सरांच्या पत्नी. आमच्या भांडणात भिंतीवरच्या वाट्यांची ये-जा एक दिवसही थांबली नव्हती; शेंगदाण्याची चटणी येत होती, मी ती खाणार नाही म्हणत होतो आणि खात होतो.

"सरांनी दिली का गादी?" मी न राहवून विचारलं.

"त्यांनी तोंडानं काही म्हणलं न्हाई," मंजुषा म्हणाली. "पर बांधून त्यांनीच ठिवली होती."

मी ती गादी रिंगच्या मधोमध टाकली.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारपासून फड भरला. सेनगावहून जीप येत होत्या, ट्रॅक्टर येत होते. लहान कुस्त्या झाल्या, मोठ्या झाल्या. हलगी वाजत होती. मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, छातीला बिल्ला लावून माइकजवळ उभा होतो. बिल्ल्यावर 'संयोजक' असं लिहिलेलं होतं आणि ते मीच लिहिलेलं होतं. खिल्लारे सर समोरच्या गर्दीत, अगदी पुढं बसले होते. आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो आणि त्यासाठी दोघांनाही सारखी मान वळवावी लागत होती.

मानाची म्हणून बुक्क्यांची कुस्ती शेवटी ठेवली होती. ती वेळ आली आणि फोन वाजला. रूपसिंग होता.

"सर, हिंगोलीच्या पुढं गाडी पंक्चर झाली. पंक्चरच्या दुकानापातूर ढकलत नेऊन राहिलो. थोडा उशीर होईल."

"आन् सोमेश्वर? तो कुठं हाय?"

"हा काय, मागं ढकलून राहिला ना. एकाच गाडीवर निघालो आमी."

ज्यांच्यापायी मी जीपचं दार धरत होतो, ते दोघं एका गाडीवर येत होते.

पण शरमायलाही सवड नव्हती. लोकांनी हाकारे सुरू केले. मी माइक उचलला, "बंधू-भगिनींनो" म्हणालो, आणि वीज गेली. बिनमाइकचा माझा आवाज तिसऱ्या बाकापर्यंत जातो, हे माझ्या शाळेतल्या चौथ्या बाकावरच्या पोरांना चांगलं माहीत आहे. मी ओरडत होतो आणि लोकांना फक्त माझं तोंड हललेलं दिसत होतं. कुणीतरी ओरडलं, "मास्तर फसवून राहिला!" मागून ढकलाढकली झाली. एका कोपऱ्यातला कासरा तुटला. दगडोबा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "लढायला जोड द्या मास्तर, न्हाई तर हे लोक मंडप काढतील." आयुष्यभर जपलेली इभ्रत त्या गाद्यांवर पडलेली मला दिसत होती.

तेव्हा खिल्लारे सर उठले. कासऱ्याखालून वाकून आत आले. त्यांच्या गुडघ्याला वाकायला त्रास होतो, तरी वाकले. माझ्या शेजारी उभे राहिले आणि पावकी-निमकी म्हणवून कमावलेल्या त्या आवाजात म्हणाले, "लोकहो! कावरखे सर खोटं बोलणारे न्हाईत! पोरं रस्त्यात हायेत. घटकाभर दम धरा!"

सगळा फड गप्प झाला. शेवटच्या ट्रॅक्टरवरच्या माणसालाही ऐकू गेलं. मी आभार मानले असते तरी ते कुणाला ऐकू गेले नसते. म्हणून मी सरांचा हात धरला, उंच केला, आणि हा माणूस बघा, हा माझा माणूस आहे, हे चारी बाजूंना दिसावं म्हणून त्यांना घेऊन रिंगभर एक फेरी मारली.

हलगी कडाडली. लोक उभे राहिले. शिट्ट्या, टाळ्या, फेटे हवेत. माझ्या कृतज्ञतेला एवढी दाद मिळेल असं मला वाटलं नव्हतं. मी आणखी अर्धी फेरी मारली.

दगडोबांनी दोन्ही हात वर केले. "जोड लागली!"

"कोणाची?" मी विचारलं.

"तुमची," दगडोबा म्हणाले. "फडात एकानं दुसऱ्याचा हात धरून फेरी मारली की जोड लागली. वडिलांपासून रीत हाय. तुमी तर दीड मारली."

"अहो वस्ताद, आमी मास्तर लोक," खिल्लारे सर म्हणाले.

"फडात उतरला तो पैलवान. लागलेली जोड मोडली तर सालभर गावात तोंड दाखवता येत न्हाई."

मी जमादारांकडे बघितलं. शासन मधे पडेल अशी आशा होती. जमादार म्हणाले, "कुस्त्यांच्या परवानगीत बसतं सर," आणि खुर्ची पुढं ओढली.

मुंजाजी एका बाजूनं माझ्या हातांत ग्लोव्हज घालू लागला आणि घालताना म्हणाला, "सर, मी तुमच्याकडून हाय." मग तो तिकडं गेला आणि सरांनाही हळू आवाजात काहीतरी म्हणाला. बायकांच्या बाजूनं मंजुषा ओरडली, "अहो, खिल्लारे सरांच्या गुडघ्याला लागलेलं हाय, जपून!" आणि निर्मलाबाई ओरडल्या, "अवं, कावरखे सरांचा चष्मा आधी काढा!" आपापल्या नवऱ्याची काळजी दोघींपैकी कुणालाच नव्हती.

चष्मा काढल्यावर मला समोर एक अंधूक, गोल, ओळखीचा आकार दिसत होता. हलगी वाजली. आम्ही एकमेकांभोवती फिरलो. पुष्कळ फिरलो. लोक कंटाळले. "मास्तर, प्रदक्षिणा घालून राहिले का?" असं कुणी म्हणालं, तेव्हा मी डोळे मिटले आणि हात फिरवला. तो दगडोबांच्या फेट्याला लागला. फेटा सुटला. दुसऱ्यांदा फिरवला तो मऊ काहीतरी लागलं आणि समोरून आवाज आला, "लागलं की हो सर."

मी डोळे उघडले. सरांच्या नाकातून रक्त येत होतं. "माफ करा," मी म्हणालो, "फार लागलं का?"

"माफी न्हाई!" फडातून आवाज आला. "माफी फडात चालत न्हाई!"

त्यानंतर सरांनी मला एक दिला. पोटात. दुपारी यात्रेच्या पंगतीत मी बुंदी दोनदा घेतली होती, ती दोन्ही वेळची मला आठवली. मला खाली बसावंसं वाटलं. पण खरं सांगतो, तो गुद्दा बसला आणि मन एकदम हलकं झालं. हॉटेलातलं माझं बोलणं इतके दिवस त्यांच्याकडे जमा होतं, आणि मला वाटतं त्यांचं म्हशीचं माझ्याकडे. दोन्हींची फिट्टंफाट झाली. राहिला फक्त दम, आणि तो दोघांचाही संपला होता.

मी पडणार होतो. पडता पडता समोर जे मिळालं ते दोन्ही हातांनी धरलं, आणि ते खिल्लारे सर होते. त्यांनीही मला धरलं. त्यांचा गुडघा जवाब देऊन राहिला होता. आम्ही दोघं एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून, धापा टाकत, तसेच उभे राहिलो. पायाखाली निळ्या पट्ट्यांची गादी होती.

"आता काय करायचं असतं यात?" दगडोबा फेटा गुंडाळत म्हणाले. "ही कंची पकड?"

तेवढ्यात गर्दी फाकली आणि धुळीनं भरलेले दोन तरणे गडी आत आले. एकाचे खांदे मोठे, एकाचे हात लांब. दगडोबांनी सुटकेचा श्वास टाकून रूपसिंगला आत ओढलं. "तूच बघ बाबा. हे तुमच्या खेळातलं दिसतंय."

"सोडव त्यांना!" लोक ओरडत होते. "सोडव आन् मारू दे!"

रूपसिंगनं आमच्याकडे बघितलं. मग सोमेश्वरकडे बघितलं. सोमेश्वरनं नुसती मान हलवली.

"दमला की माणूस समोरच्यालाच धरतो," रूपसिंग लोकांना म्हणाला. "आमच्या खेळात चालतं ते. पंचानं सोडवायचं असतं, पर कवा सोडवायचं ते पंचानं बघायचं." आणि तो हात बांधून उभा राहिला.

त्यानं आम्हाला सोडवलं नाही. चांगला वेळ सोडवलं नाही. त्या पोराचे माझ्यावर फार उपकार आहेत.

"सर," खिल्लारे सर माझ्या कानात म्हणाले, "म्हशीचं मी काढायला नको होतं."

"आन् मी ते मालकाचं," मी म्हणालो. "नाक दुखतंय का?"

"दुखतंय. पोट?"

"बुंदी हाय मधी, वाचलो." मग मला धीर आला. हेल्मेट नव्हतं, वारा नव्हता, त्यांचा कान माझ्या तोंडाजवळ होता. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांना माझं सगळं ऐकू जाणार होतं. मी म्हणालो, "सर, त्या जीपमधी मला लई वाईट वाटतं."

त्यांची धाप लागलेली छाती माझ्या छातीला लागत होती. मग म्हणाले, "मलाबी मागं कोणी नसलं की गाडी हलकी लागती. खड्ड्यात उडती. उद्या येऊ का?"

"या," मी म्हणालो.

दगडोबांनी आमचे दोघांचेही हात वर केले आणि फडाच्या रीतीनं निकाल दिला: "बराबरी!" लोकांनी आम्हाला उचललं. उचलताना उरलेले कासरेही तुटले. ज्यांनी त्यांनी आपापल्या गाद्या उचलल्या, आणि दिवस मावळला म्हणून जमादारांनी परवानगी संपल्याचं जाहीर केलं. रूपसिंग आणि सोमेश्वरनं ग्लोव्हजना हातही लावला नाही. ते दोघं मंजुषाच्या आणि निर्मलाबाईंच्या मधे बसून बुंदी खात होते. रूपसिंग सोमेश्वरला सांगत होता, "तेलकट हाय, थोडी खा."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापाशी दोनदा हॉर्न वाजला. सरांचं नाक भोपळ्याएवढं झालं होतं आणि मला सरळ उभं राहता येत नव्हतं, पण मागच्या सीटवर वाकूनच बसायचं असतं. त्यांनी सीट पुसून आणली होती. रस्त्यानं ते काहीतरी बोलत होते, मला काही ऐकू आलं नाही. मी "व्हय, व्हय" म्हणत होतो आणि माझे डोळे भरून येत होते. वाऱ्यामुळं असेल.

मुंजाजीच्या हॉटेलात आता रूपसिंग-सोमेश्वरचं कुणी काढत नाही. तिथं प्रश्न आहे तो असा: रूपसिंग आणखी थोडा उशिरा आला असता, तर कावरखे सर जिंकले असते की खिल्लारे सर? बाकडी दोन बाजूंना विभागलीत. मला कुणी विचारलं तर मी सांगतो, खिल्लारे सर, हात लांब आहेत त्यांचे. सरांना विचारलं तर ते म्हणतात, कावरखे सर, काळजाचा माणूस आहे. त्यावरून आमची आता थोडी भांडणं होतात.

त्याच उन्हाळ्यात परभणीला विभागाच्या स्पर्धा झाल्या आणि रूपसिंग आणि सोमेश्वर एकदाचे समोरासमोर आले. निकाल लागला. रूपसिंगनं मला स्वतः फोन करून सांगितला. सोमेश्वरनंही सरांना केलाच असणार, कारण दुसऱ्या दिवशी मुंजाजीच्या हॉटेलासमोर सर गाडीवरून उतरले तेव्हा माझ्याकडे मुळीच बघत नव्हते, आणि मीही त्यांच्याकडे.

"सर, परभणीचा निकाल म्हाईत झाला का..." मुंजाजीनं सुरुवात केली.

"चहा आण!" आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

तेव्हापासून तो विषय आमच्यात निघालेला नाही. तुम्हालाही वाटत असेल की कोण जिंकलं ते मी निदान इथं तरी सांगेन. माफ करा, सांगणार नाही. सांगितलं की आमच्यातला एक जण बरोबर ठरतो आणि दुसऱ्याला जीपनं जावं लागतं. आमच्याकडे गाडी एकच आहे.